भाजलेला मोरचूद

४ फेब्रुवारी

वहिनी,

मायना घालत नाही. ‘तीर्थरूप’ लिहिलं तर तुम्ही हसाल आणि ‘नमस्कार’ लिहिला तर मला स्वतःलाच हसू येईल. सत्तावीस वर्षांनी पाकिटावरचं अक्षर ओळखलं असेल, तर फाडायच्या आधी एवढं एक पान वाचा. पत्ता दादा गेल्याच्या कार्डावरून घेतला. ते कार्ड सहा वर्षं जपून ठेवलं होतं. का, ते विचारू नका.

समेट करायला लिहीत नाही. एक प्रश्न आहे आणि त्याचं सरळ उत्तर हवं आहे. बाबांना तुम्ही काय देत होतात?

नुसतं नाव कळवा. इतक्या वर्षांनी तुमच्या दारात कोणी पोलीस आणणार नाही. मला नाव हवं आहे, कारण तेच आता मला दिलं जातंय.

बाबांना व्हायचं अगदी तसंच होतं. बरगड्या संपतात तिथे मधोमध निखारा ठेवल्यासारखं जळतं. दोन घास खाल्ले की गप्प बसतं आणि दोन-अडीच तासांनी पुन्हा सुरू. आठवतं ना, बाबा कागद कापायच्या यंत्राच्या कडेला पोट दाबून उभे राहायचे आणि कोणी विचारलं तर म्हणायचे, ‘काही नाही, विचार करतोय.’ यंत्र तेच आहे. आता त्याच कडेला मी विचार करत उभा असतो. चार महिन्यांत पट्ट्याला आरीने दोन नवी भोकं पाडली.

घरात आम्ही दोघंच. माझं लग्न तुम्ही घर सोडून गेल्यावर झालं, बायको नऊ वर्षांपूर्वी गेली. मुलगा पुलांच्या कामावर असतो, दोन महिन्यांतून चार दिवस येतो. राहिली सून. येऊन आठ महिने झाले आणि माझं पोट बिघडून चार. ती औषधांच्या दुकानात काउंटरला असते. म्हणजे दिवसभर कोणत्या गोळीने काय होतं ते बघायचं आणि संध्याकाळी येऊन माझा स्वयंपाक करायचा. दोन आणि दोन चार मला करता येतात.

दिसायला गरीब गाय. बोलणं तर असं की मुंगी लागावी. ‘बाबा, पोटाचं एकदा डॉक्टरांना दाखवू या का?’ आपणच द्यायचं आणि आपणच दाखवू या म्हणायचं, म्हणजे उद्या बोट ठेवायला जागा नको. तुम्हीही बाबांना असंच म्हणायचात.

मी सावध आहे. चाळीस वर्षं पुस्तकं शिवून मनगट कामातून गेलंय, त्यासाठी दुखण्याची गोळी घेतो, पण तिच्या दुकानातून कधीच नाही. तीन रस्ते ओलांडून दुसरीकडून आणतो. सकाळी तिने चहा ठेवायच्या आत, रिकाम्या पोटी एक, आणि दुपारी एक. निदान तेवढं तरी माझ्या पोटात स्वच्छ जातं.

उत्तराची वाट बघतो.


२१ फेब्रुवारी

वहिनी,

कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर चार शब्द. ‘भाऊजी, गोळ्या कोणत्या घेता?’

मी काय विचारलं आणि तुम्ही काय विचारता? सगळ्या पत्रातून तुम्हाला तेवढीच ओळ दिसली? बाबांच्या वेळीही हेच केलंत. गुडघ्यासाठी मी त्यांना गोळ्या आणून द्यायचो, तर तुमचं एकच पालुपद, ‘त्या गोळ्यांनी बाबांचं पोट जास्त दुखतं.’ चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. आणि ‘भाऊजी’ तर मुळीच लिहायला नको होतं.

विसरला असाल तर आठवण करून देतो. बाबा रक्त ओकून गेले. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात डब्यांच्या मागे मला कागदाची पुडी सापडली. आत पांढरी पूड. घरात खायच्या जिनसा डब्यात असतात, पुडीत नसतात. आणि पूड कसली ते मला सांगायला कोणी तज्ज्ञ नको होता. आपल्या कारखान्यात खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. बाबा तो तव्यावर भाजून घ्यायचे, म्हणजे कुटायला सोपा. निळाजर्द खडा, पण भाजला की पिठासारखा पांढरा पडतो. हे बाहेरच्याला ठाऊक नसतं. बाइंडरच्या घरात राहणाऱ्याला असतं.

मी दादाला बोलावलं, आत्याला बोलावलं, शेजारचे, छापखान्यात खिळे जुळवणारे कंपोझिटर आणि आपल्याकडे शिवायला येणाऱ्या बाई यांनाही बसवलं. पुडी यंत्रावर ठेवली. तुम्ही म्हणालात, ‘सोडा आहे, खायचा.’ आणि पुडीवर झडप घातलीत. पुरावाच गिळून टाकायचा बेत. मी तुमचं मनगट धरलं म्हणून पुडी वाचली. ती आजही माझ्याकडे आहे. कापडाच्या नमुन्यांची जी मोठी वही आहे, तिच्या मागच्या पुठ्ठ्यात खाचा करून मीच ती बसवली.

इकडचं सांगतो. साखरेच्या डब्याच्या झाकणावर शिवायचा दोरा आडवा टाकून ठेवला होता. संध्याकाळी दोरा खाली पडलेला. (साखर मीच घेतली होती असं नंतर आठवलं, पण ते सोडा.) मग दोनदा ताटं बदलली. ती निमूटपणे माझ्या ताटातलं जेवली, आणि तिला काही झालं नाही. याचा अर्थ तिला कळलं होतं. मग चार दिवस मी माझं मीच शिजवलं. दुखायचं ते दुखलंच. म्हणजे मिठात. मीठ नवीन आणलं, तरी दुखलं. म्हणजे पाण्यात. आता पाणी कारखान्याच्या नळाचं पितो, तिथे ती येत नाही. कालपासून जास्त दुखतंय. ही बाई तिथवर कशी पोचली असेल, याचा विचार करतोय.

शिवणाऱ्या बाई मला म्हणाल्या, ‘मालक, तुम्ही दोऱ्यावरून स्वर्ग गाठता.’ त्यांचंही आजकाल सुनेशी बरंच गूळपीठ आहे.


८ मार्च

वहिनी,

तुमचं दुसरं कार्ड आलं नाही. अपेक्षाही नव्हती. तरी लिहितोय, कारण परवा जे झालं ते सांगायला दुसरं माणूस नाही.

सापडली. परवा संध्याकाळी जिन्यावरून पाहिलं. माझ्या दुधाच्या पेल्यात तिने पांढऱ्या पुडीतलं काहीतरी टाकलं आणि चमच्याने ढवळलं. पेला मी तिच्या हातून घेतला, प्यायलो नाही. मुलगा सुट्टीवर आलेला होता, त्याला हाक मारली. तिच्या आईला फोन करून बोलावलं. कंपोझिटर आता ऐंशीचे झालेत, त्यांना हाताला धरून आणलं आणि यंत्राशेजारच्या स्टुलावर बसवलं. पेला यंत्रावर ठेवला.

‘हे काय आहे?’ मी विचारलं.

ती म्हणाली, ‘जळजळीचं औषध आहे, बाबा. तुम्ही डॉक्टरांकडे येत नाही, मी दिलेली गोळी घेत नाही, माझ्या हातचं पाणीसुद्धा पीत नाही. नळाजवळ तुम्हाला वाकून बसलेलं मी तीनदा पाहिलं. न विचारता टाकलं ही माझी चूक. पण ते औषध आहे.’

‘मग पी,’ मी म्हणालो.

मुलगा ‘बाबा!’ म्हणून ओरडला. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. पेला उचलला, सगळा प्यायली, पालथा करून यंत्रावर ठेवला. ओठावर दुधाची मिशी तशीच. मग आईला म्हणाली, ‘चल.’ पिशवीसुद्धा घेतली नाही.

कंपोझिटर उठता उठता म्हणाले, ‘मला हे बघायला दुसऱ्यांदा बसवलंस. तिसऱ्यांदा येणार नाही.’

मुलगा तिच्यामागे गेला. मी पालथ्या पेल्याकडे बघत राहिलो. तिला काही होणार नाही हे मला पेला तिच्या ओठाला लागला तेव्हाच कळलं होतं. खरं तर मी त्याच्याही आधी, तिचा हात पुढे आला तेव्हा, दुसराच हात पाहिला. तुमचा.

मागच्या पत्रात मी ‘झडप’ लिहिलं. झडप नव्हती, वहिनी. तुम्ही हात पुढे केला होतात, तळवा वर करून, आणि म्हणाला होतात, ‘द्या, सगळ्यांसमोर खाऊन दाखवते.’ मीच तुम्हाला खाऊ दिलं नाही.

पुढचं लिहवत नाही. सकाळपासून डोळ्यांपुढे अंधारी येतेय आणि शौचाला डांबरासारखं काळं होतंय. बाबांनाही शेवटी असंच व्हायचं. मुलगा अजून परतलेला नाही.


१७ मार्च, दवाखाना

वहिनी,

जिवंत आहे. पत्र पेटीत टाकून आलो आणि कारखान्यातच कोसळलो. कॉफीच्या चोथ्यासारखं रक्त ओकलो. शिवणाऱ्या बाईंनी गाडी बोलावली. दोन बाटल्या रक्त चढवलं. कोणाचं आहे हे मी आयुष्यात पहिल्यांदा विचारलं नाही.

इथली पोटाची डॉक्टर माझ्या सुनेच्याच वयाची आहे. तिने तोंडातून नळी घालून आतलं चित्र काढलं, नळीतूनच रक्त थांबवलं आणि मग मला ते चित्र दाखवलं. जुन्या पुस्तकाला कसर लागली की पानाला जसं खोल, गोल भोक पडतं, तसं. फक्त लाल. अल्सर.

‘विष तर नाही ना?’ मी विचारलं.

ती हसली नाही, हे तिचं मोठेपण. म्हणाली, ‘आजोबा, पोटात एक जंतू असतो. बहुतेकांना लहानपणीच घरच्या माणसांकडून येतो. एका ताटातलं, एका भांड्यातलं. वर्षानुवर्षं गप्प राहतो, काहींच्या पोटाला आतून जखम करतो. तुमच्या पोटात तो सापडला. पण एकट्याने एवढं केलं नसेल.’

आणि मग तिने विचारलं, ‘गोळ्या कोणत्या घेता?’

तेच शब्द, वहिनी. मला क्षणभर वाटलं खाटेपाशी तुम्ही उभ्या आहात.

मी सांगितलं. तिने कपाळाला हात लावायचा तेवढा बाकी ठेवला. दुखण्याच्या त्या गोळ्यांनी पोटाचं अस्तर सोलवटतं म्हणाली. रिकाम्या पोटी असोत वा भरल्या, अल्सर असलेल्याने त्यांना हातही लावू नये. आणि मी रोज दोन घेत होतो, तीन रस्ते ओलांडून जाऊन, सुनेपासून लपवून.

‘घरात आणखी कोणाला असा त्रास होता?’

‘वडिलांना.’

‘त्यांना काय झालं होतं?’

सत्तावीस वर्षं या प्रश्नाचं उत्तर माझ्या जिभेवर तयार असायचं. विचारणाऱ्याने विचारायचा अवकाश. या वेळी मी म्हटलं, ‘ते गुडघ्यासाठी गोळ्या घ्यायचे. मीच आणून द्यायचो.’ ती लिहिता लिहिता थांबली. आता नक्की काही सांगता येणार नाही, असं म्हणाली, आणि माझ्या पायावरचं पांघरूण सारखं केलं.

मुलगा रोज येतो, डबा ठेवून निघून जातो. सून आली नाही. तिने त्याच्या हातून एक कागद पाठवला. चौदा दिवसांचं औषध, कोणती गोळी केव्हा, सगळं चौकटी आखून. खाली लिहिलंय, ‘या गोळ्या स्वतःच्या हाताने फोडून घ्या. मी समोर नसताना.’ टोमणा आहे. अगदी योग्य जागी मारलेला.


६ एप्रिल

वहिनी,

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. बाइंडरने कागद वाया घालवू नये, पण इलाज नव्हता.

मागच्या पत्रावरून तुम्हाला वाटलं असेल, बिचाऱ्याचा गैरसमज झाला होता, आता डॉक्टरने डोळे उघडले. तसं नाही. तसं असतं तर मी सुखाने माफी मागून मोकळा झालो असतो. एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. बायकोलाही नाही.

भाजलेला मोरचूद पांढरा असतो, हे मी त्या दिवशी सगळ्यांना सांगितलं. पुढचं सांगितलं नाही. तो पांढरा राहत नाही. पाण्याचा एक थेंब लागला की पुन्हा निळा होतो. थेंबही कशाला, नुसती दमट हवा पुरते. म्हणून तर बाबा तो भाजला की लगेच बाटलीत भरून बूच घट्ट लावायचे. बाइंडरच्या घरात राहणाऱ्याला हेही ठाऊक असतं.

त्या दिवशी यंत्रावर, पुडीशेजारी, खळीसाठी पाण्याचं भांडं होतं. एक थेंब टाकायचा होता.

तुम्ही आणि दादा सामान घेऊन गेलात. तीन-चार महिन्यांनी ओलीचे दिवस आले, पुठ्ठे वाळेनात, खळीला बुरशी धरली. एके दुपारी मी नमुन्यांच्या वहीचा पुठ्ठा उचकटला आणि पुडी उघडली. पूड पांढरीच होती. पुन्हा बंद केली. दुसऱ्या वर्षीही पाहिली. तिसऱ्याही. दरवर्षी पाहत आलो, वहिनी. दरवर्षी ती पांढरी असायची आणि दरवर्षी मी ती परत चिकटवून ठेवायचो. आमच्या धंद्यात खळ आंबली का ते जिभेवर घेऊन बघतात. मी रोज खळ चाखणारा माणूस, पण ती पूड कधी जिभेला लावली नाही. विषाची परीक्षा कोण बघणार, असं स्वतःला सांगायचो. ते विष नाही हे कळूनही.

कारण ते विष नसेल तर मग बाबांना काय झालं? तुम्ही तर सांगितलंच होतं. एकदा नाही, दहादा. ‘त्या गोळ्या थांबवा.’ गोळ्या आणणारा मी. त्यापेक्षा तुम्ही गुन्हेगार असणं मला परवडत होतं. दादा गेला तेव्हा मी आलो नाही, त्याला रागाचं नाव दिलं. राग नव्हता. तुमच्यासमोर उभं राहायची भीती होती. तो माझ्यावर रागावूनच गेला का, हे आता मला कोणी सांगू शकत नाही.

काल पुडी उघडून चिमूटभर जिभेवर घेतली. खारट आहे. एक लिंबू कापून दोन थेंब पिळले, तर फसफसून वर आली. सोडाच, खायचा.

मग गेलो. त्या दिवशी बसवलेल्यांपैकी दादा आणि आत्या राहिले नाहीत, दोघं आहेत. आधी कंपोझिटरांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘आम्हाला ठाऊक होतं रे.’ मी विचारलं, ‘मग बोलला का नाहीत?’ म्हणाले, ‘तेवढंच माझं पाप आहे. तिला सांगायला उशीर झाला नसेल तर माझंही कळव.’ म्हणून कळवतो.

शिवणाऱ्या बाईंना कारखान्यातच, सगळ्यांसमोर सांगितलं. त्यांनी सुई खाली ठेवली. ‘मोठे मालक खिशातून पुडी काढायचे,’ त्या म्हणाल्या, ‘पाण्यात टाकून प्यायचे. ढेकर आली की जरा बरं वाटायचं त्यांना. धाकट्याला सांगू नका, उगाच काळजी करेल, असं म्हणायचे. पुडी संपली की वहिनी नवी बांधून द्यायच्या.’

‘बाई, हे तुम्ही त्या दिवशी का नाही सांगितलंत?’

‘तुम्ही विचारलंत कुठे, मालक? तुम्ही सांगत होतात.’

सून परवा परत आली. दारातच म्हणाली, ‘मी माझ्या नवऱ्याच्या घरी आलेय. तुमच्यासाठी यायला अजून वेळ लागेल.’ मी म्हटलं, लागू दे. सध्या ती तिचं शिजवते, मी माझं शिजवतो. माझं इतकं वाईट होतं की विष बरं. हे मी तिला म्हटलं, तर ती हसली नाही, पण तिने मिठाचा डबा माझ्या बाजूला सरकवला. मी झाकणावर दोरा टाकला नाही.

औषध संपलं. महिन्याभराने एका पिशवीत फुंकर मारायची असते, त्यावरून जंतू गेला की नाही ते कळतं. तुम्ही पाच वर्षं आमच्याच पातेल्यातलं जेवलात. दादाही. पोटात काही जळत असेल, तर तुम्ही तपासून घ्या, आणि कार्डावर ज्याचं नाव होतं त्या तुमच्या मुलालाही सांगा. या घराने तुम्हाला आणखी काय काय दिलं असेल, सांगता येत नाही.

माफी मागत नाही. तुम्ही हात पुढे केला होतात तेव्हा ती एका पावलावर होती, आणि मी मागितली नाही. ‘भाऊजी’ पुन्हा लिहाल की नाही, तेही विचारत नाही.

पुडी सोबत पाठवतोय. ती तुमची आहे. मीच जुन्या कागदावर नवा कागद गुंडाळला, खळ लावली नाही, नुसती घडी घातलीय. टपालाला चार दिवस लागतील आणि इकडे हवा दमट आहे. मिळाली की उघडून बघा. पांढरीच असेल.